जुना टँक विकू नका: पुण्यात कमी खर्चात मोठा रीफ टँक

दोन फुटी मरीन टँक (खाऱ्या पाण्याचा, मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा) वर्षभर बरा चालला की चार फुटीची हाव सुटतेच. आणि बहुतेक जण पहिलं काम करतात ते जुना टँक विकायला काढण्याचं. हातात किरकोळ रक्कम येते, आणि महिन्याभरात नव्या टँकसाठी सम्प, म्हणजे टँकखाली ठेवायची पाणी गाळायची टाकी, करून घ्यायला त्याहून जास्त मोजावी लागते. जुना टँक हाच नव्याचा सम्प. कमी खर्चाचं सगळं गणित यावर बसतं आणि सगळी अडचणही यातच आहे, कारण ज्याचा सम्प करायचा तो टँक शेवटच्या दिवसापर्यंत माशांनी भरलेला असतो. खालचा क्रम त्या अडचणीभोवती लावला आहे.

उदाहरणासाठी जुना टँक २४×१२×१५ इंच, म्हणजे सुमारे ७० लिटर, आणि नवा ४×१.५×१.५ फूट धरला आहे. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून नवा २५५ लिटरचा. तुमची मापं वेगळी असतील तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

आधी जमवायच्या गोष्टी

- खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि तो जुळवायला ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावण (आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकू शकतो)
- टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर. अमोनिया, नायट्रेट आणि केएच (कार्बोनेटचं प्रमाण) यांची टेस्ट किट
- १०० लिटरचे दोन फूड-ग्रेड ड्रम, झाकणाचे तीन टब, जुना छोटा पंप, थर्मामीटर
- मरीन सॉल्ट १० किलो, ॲरागोनाइट वाळू १५ ते १८ किलो, कोरडा रॉक (टँकमध्ये रचायचा सच्छिद्र दगड)
- ॲसिटिक सिलिकॉन, बुरशीनाशक नसलेलं. ‘किचन-बाथरूम’ लिहिलेली ट्यूब घेऊ नका
- बॅटरीवरचा एअर पंप
- फ्लॅटच्या नकाशातला बीम कुठून जातो त्याची खात्री आणि कोरलच्या प्रत्येक खरेदीचं बिल

ड्रम, नळ्या, पाइप यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, प्लायसाठी टिंबर मार्केट, पंखे आणि ॲडॅप्टरसाठी बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. ‘ॲक्वेरियम स्पेशल’ असं लेबल लागलं की त्याच वस्तूचा भाव चढतो. जी वस्तू पाण्यात बुडत नाही ती या बाजारातून बिनधास्त घ्या. बुडणारी असेल तर आत पितळ, तांबं किंवा लोखंड नाही ना, ते आधी बघा.

१. जागा आणि वजन

पाणी २३५ किलो, काच ५५, रॉक आणि वाळू ४५, स्टँड ५०, भरलेला सम्प ५५. साडेचारशे किलोच्या आसपास जातं, आणि ते अर्ध्या चौरस मीटरवर. घरांचे स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर चालत्या भाराला धरून बांधतात, पण तो आकडा पूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो. त्यामुळे आरसीसी इमारतीत बीमवर किंवा बीमच्या कडेने, भिंतीला लागून, टँकची लांबी भिंतीला समांतर ठेवली तर सहसा अडचण येत नाही. खोलीच्या मधोमध नको, बाहेर काढलेल्या गॅलरीत तर नकोच. पेठांमधल्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीची जमीन असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नका.

लिफ्टचं दारही मोजा. चार फुटी टँक उभा करून लिफ्टमध्ये घालायची कल्पना ऐनवेळी सुचते आणि सिलिकॉनच्या जोडाला भोवते. जिन्याने चार माणसं लागतात.

२. काच आणि स्टँड

काचवाला चौरस फुटावर दर सांगतो. तळ ६, पुढची-मागची १२, बाजूच्या ४.५, एकूण २२.५ चौरस फूट. दीड फूट उंचीला वरून काचेची पट्टी, म्हणजे ब्रेस, असेल तर १० मिमी पुरते. ब्रेस नको असेल तर १२ मिमी. भोकं टँक जोडण्याआधीच पाडून घ्या: दोन ड्रेनसाठी (पाणी खाली सम्पमध्ये नेणारे पाइप), एक रिटर्नसाठी (पंपाने ते परत वर आणणारा). आणि तळाची काच टफन केलेली नाही हे विचारा, कारण टफन काचेला भोक पाडायला गेलात तर ती चुरा होते.

दोन ड्रेन यासाठी की एक व्हॉल्व्हने आवळून पूर्ण भरलेला चालवायचा, आवाज न करता, आणि दुसरा उघडा, केवळ तुंबल्यावर कामाला येणारा. एकाच ड्रेनवर पैसे वाचवणाऱ्याची एक गोगलगाय पाइपात अडकली की लाकडी फरशीचा खर्च निघतो. भोकात बसवायला हार्डवेअरच्या दुकानात ‘टँक निपल’ मागा, प्लास्टिकचाच. गेट व्हॉल्व्ह तिथे बहुधा पितळेचा मिळतो. तो घेण्यापेक्षा यूपीव्हीसीचा साधा बॉल व्हॉल्व्ह घेऊन तो केसभर फिरवत बसणं परवडलं.

स्टँड फॅब्रिकेटरकडून ४० मिमी चौकोनी, २ मिमी जाडीच्या पाइपचा करा, रेड ऑक्साइडवर इपॉक्सी रंग मारून. इथे या लेखातली सगळ्यात उपयोगी छोटीशी गोष्ट: पुढचा आधाराचा पाय मधोमध लावू देऊ नका. तो बाजूला सरकवून एकीकडे ६५ सेंमीची मोकळी जागा ठेवा. तुमचा सम्प ६१ सेंमी लांब आहे आणि तो वरचा टँक भरल्यानंतर आत जाणार आहे. पाय मधोमध असेल तर जुना टँक स्टँडच्या बाहेरच राहील. आतली उंची ६५ सेंमी तरी हवी, नाहीतर स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप काढायला हात जात नाही.

वर १८ मिमी मरीन प्लाय, त्यावर १० मिमी फोम शीट. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून चारही कोपरे एका पातळीत आहेत का बघा. मग साधं पाणी भरून तीन दिवस ठेवा आणि तळाच्या जोडांखाली वर्तमानपत्र घाला. ओल कागदावर आधी दिसते.

३. पाणी: पैसे वाचवायचे नाहीत अशी जागा

खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी तसं मऊ असतं, पण त्यात क्लोरीन असतो. हिंजवडी, वाघोली, बाणेर अशा भागांत सोसायटीला टँकर आणि बोअरचं पाणी मिसळून येतं आणि टीडीएस आठवड्यागणिक बदलतो. त्यामुळे आरओ आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे), टीडीएस शून्य, हे धरूनच चला.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी वापरायचं असेल तर तीन गोष्टी तपासा. त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, जो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मिनरल कार्ट्रिज असते. आणि हल्ली बऱ्याच मॉडेलना ‘कॉपर’ असतं, म्हणजे पाण्यात मुद्दाम तांबं सोडलेलं. माणसाला चालणारं हे तांबं कोळंबी, गोगलगाय आणि कोरलला मारतं. मेंब्रेननंतर लगेच टी (तीन तोंडांचा जोड) लावून पाणी काढून घ्या आणि त्यापुढे डीआयची नळी जोडा. वेगळं यंत्र घ्यायची गरज उरत नाही. रिजेक्टचं पाणी फरशीला वापरा, उन्हाळ्यात घरचे त्यावरूनच बोलणार आहेत.

मीठ लिटरला सुमारे ३७ ग्रॅम. १९० लिटर नवं पाणी करायचं तर ७ किलो. उरलेलं पुढच्या पाणीबदलांना. मीठ पाण्यात टाकायचं, पाणी मिठात नाही. उलटं केलं तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. चोवीस तास पंप फिरवत ठेवा.

ताम्हिणीतून खाली उतरून समुद्राचं पाणी आणायचा बेत दर उन्हाळ्यात कुणीतरी करतं. २०० लिटर म्हणजे दोनशे किलो, किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि सांडपाण्याचं, पावसाळ्यात तर पातळही. डिझेलच्या पैशांत मीठ येतं.

४. रॉक आणि कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्री पंखे आहेत. समुद्री घोड्यालाही संरक्षण आहे. ‘इम्पोर्टेड आहे साहेब’ म्हटल्याने हे बदलत नाही. कोकणातून आणलेला मेलेल्या कोरलचा दगडही घरात नको. म्हणून हा लेख मऊ कोरलच्या टँकसाठीच आहे: झोआ, मशरूम, लेदर. खर्चाच्या दृष्टीनेही हेच बरं, कारण त्यांना ना महागडे लाइट लागतात ना कॅल्शियमचे डोस.

रॉक मानवनिर्मित कोरडा घ्या, दहा लिटरला एक किलो या बेताने. जुन्या टँकमधला ८ किलो येणार असेल तर नवा १५ किलो पुरे. जुना रॉक ही तुमची बॅक्टेरियाची पुंजी आहे. पाण्यात ते जवळपास नसतात, दगडावर असतात. नवा कोरडा रॉक महिनाभर आधी ड्रममध्ये खारं पाणी, हीटर आणि पंपासोबत जुन्या रॉकचा एक तुकडा घालून ठेवला तर स्थलांतराच्या दिवशी निम्मं काम झालेलं असतं.

झोआ चिकटलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं आणि वाफेतून ते फुप्फुसात जातं. अख्खं घर दवाखान्यात गेल्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापा.

५. स्थलांतराचा दिवस

गुरुवार टाळा. महापालिकेचं पाणी बंद आणि महावितरणची देखभाल, दोन्ही पुण्यात बहुतेक गुरुवारीच येतात. शनिवारी सकाळी सुरुवात करा, म्हणजे रविवार हाताशी राहतो.

नव्या टँकमध्ये आदल्या दिवशीच वाळू, नवा रॉक आणि तयार पाणी घाला. ड्रेनचे व्हॉल्व्ह बंद. वाळू दोन सेंमीच, १५ ते १८ किलोत होते. क्षारता, म्हणजे खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात मोजून जुन्या टँकशी ०.००१ च्या आत आणि तापमान एका अंशाच्या आत जुळवा. मग:

१. काही हलवण्याआधी जुन्या टँकमधलं वरचं स्वच्छ पाणी, साधारण ४० लिटर, नळीने ड्रम आणि टबांत काढा.
२. कोरल पहिल्या टबात. लेदर आक्रसेल, घाबरू नका.
३. रॉक एकेक करून टबातल्या पाण्यात खळखळून गाळ झाडा आणि दुसऱ्या टबात ठेवा. स्पंज चिकटलेला दगड पाण्याबाहेर धरू नका.
४. मासे शेवटी. रॉक गेला आणि पाणी चार-पाच इंच उरलं की जाळीने दोन मिनिटांत येतात. रॉक असताना पकडायला गेलात तर तासभर आणि निम्मे खवले जातात.
५. तळाचं गढूळ पाणी फेकून द्या.
६. जुनी वाळू नव्या टँकमध्ये नेऊ नका.

सहाव्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त टँक बुडतात. वर्षभर न हललेल्या वाळूत सडका गाळ आणि खालच्या थरात हायड्रोजन सल्फाइड असतो. ढवळली की अमोनिया उसळतो आणि सकाळपर्यंत मासे तळाशी. ‘जिवंत वाळू फुकट जाईल’ ही हळहळ असेल तर वरच्या थरातली वाटीभर खाऱ्या पाण्यात धुऊन टाका. बाकी कुंडीतही नको, मीठ असतं.

रॉक लावून झाल्यावर कोरल, मग मासे. त्या दिवशी लाइट बंद. अमोनिया पुढचे सात दिवस रोज मोजा आणि अमोनिया बांधणारं औषध घरात आणून ठेवा, दुकान बंद असताना शोधायला लागू नये म्हणून. खाणं दिवसाआड, चिमटीभर.

६. सम्पविना एक आठवडा

आता जुना टँक रिकामा झाला, पण त्यात कप्पे पाडणाऱ्या काचेच्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, लावून सिलिकॉन सुकायला दिवस लागतात. तोवर नवा टँक सम्पशिवाय चालतो. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या (ड्रेनभोवतीच्या दातेरी डब्याच्या) दातांच्या दोन-तीन सेंमी खाली ठेवा, पाणी फिरवणारे दोन वेव्हमेकर लावा (प्रत्येकी ३००० लिटर तासाला), हीटर आत टाका. गाळायचं काम रॉक करतो. जुना हँग-ऑन (काठावर टांगायचा) फिल्टर लावायचा बेत असेल तर मागच्या ब्रेसमध्ये खाच आधीच कापून घ्यायला हवी होती. तेव्हा ऑर्डर देताना आठवा.

जुना टँक व्हिनेगरच्या पाण्याने धुवा, साबण लावू नका. बॅफल जिथे येणार तिथलं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडा, नवं त्याच्यावर धरत नाही. पट्टी आतल्या रुंदीपेक्षा २ मिमी कमी. पहिला कप्पा ड्रेन, फ्लॉस (गाळायचा कापूस) आणि स्किमरसाठी मोठा, मध्ये बुडबुडे अडवणाऱ्या तीन पट्ट्या, शेवटी १८ सेंमी लांब पंपाचा कप्पा. आठवडाभर सुकू द्या. मग आधी साध्या पाण्याने भरून बघा आणि त्या ६५ सेंमीच्या फटीतून आत सरकवा.

७. पुराची तालीम

वीज गेली की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं. नव्या टँकचा एक सेंमी म्हणजे ५.६ लिटर. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली २ सेंमी असेल तर ११ लिटर, पाइप आणि ओव्हरफ्लोच्या डब्यातलं धरून १८. सम्पमध्ये १८ लिटर म्हणजे १० सेंमी. चालू पातळी २० सेंमी ठेवली तर ती ३० वर थांबेल. सम्प ३८ चा आहे. रिटर्नचं तोंड ८ सेंमी खाली ठेवलं तर हेच गणित हॉलमध्ये उतरतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा नको, गोगलगायीचं पिल्लू अडकलं की तो उघडाच राहतो. पंप तीनदा बंद करून स्वतः बघा आणि कमाल पातळीला काचेवर मार्करने रेघ मारा.

रिटर्न पंप कागदावर २५०० ते ३००० लिटरचा घ्या. सव्वा मीटर चढवल्यावर त्याचे निम्मे उरतात आणि तेवढेच हवे असतात. वायरींना प्लगच्या खाली लोंबता झोल ठेवा आणि सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा. खारं पाणी वायरवरून सॉकेटपर्यंत चालत जातं.

८. एप्रिल, मे आणि रोजचं बाष्पीभवन

पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं आहे आणि पुण्याचा पारा उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो. चिलर न घेता निभावतं, कारण तेव्हा हवा कोरडी असते: पृष्ठभागावर तिरके लावलेले कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे दोन-तीन अंश उतरवतात. जुलैच्या दमट हवेत ते नावाला चालतात, पण तेव्हा उकाडाही उतरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी एका ३०० वॉटपेक्षा १५० वॉटचे दोन हीटर. एक अडकून चालूच राहिला तरी मासे शिजत नाहीत.

पंखे लावले की रोज चार लिटर पाणी उडतं, आणि सम्पमध्ये ते फक्त पंपाच्या कप्प्यात दिसतं. १८×३० सेंमीच्या कप्प्यात चार लिटर म्हणजे सात सेंमीहून जास्त. दोन दिवस गावाला गेलात तर पंप हवा खातो. म्हणून टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून निघण्याची सोय, ही चैन नाही. जुन्या स्टँडवर १५ लिटरचा कॅन ठेवा, त्यातून नळी आणि कप्प्यात आरओचा फ्लोट व्हॉल्व्ह. कॅन याहून मोठा नको: व्हॉल्व्ह अडकून सगळा रिकामा झाला तरी क्षारता ३५ वरून ३३ वरच येते. आणि भरायचं ते साधं आरओ-डीआय. मीठ उडत नाही, पाणी उडतं. इथे खारं पाणी घालणारे दहा दिवसांत ४० पीपीटीला पोचतात.

इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर ठेवा, तोही प्युअर साइन वेव्ह असेल तर. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात.

९. वीजबिल आणि लाइट

पंप, स्किमर, वेव्हमेकर मिळून ६० वॉट चोवीस तास, लाइट १२० वॉट आठ तास. दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२, हीटर वेगळा. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घरचं बिल आधीच २५० युनिटांचं असेल तर या ७२ मधले शेवटचे युनिट वरच्या दराने पडतात. ते आत्ताच पकडा.

लाइट तीस टक्क्यांवर सुरू करून आठवड्याला पाच-दहा टक्के वाढवा. जुना लाइट एका टोकाला चालतोच.

१०. पहिले तीन महिने

तपकिरी थर येईल, मग हिरवा. पुसत राहा. घाबरून फॉस्फेट काढणारी रसायनं ओतू नका: कोरड्या रॉकच्या टँकमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला गेले की डायनोफ्लॅजेलेट्स येतात, बुडबुडे धरलेली चिकट तपकिरी जाळी, आणि ती शेवाळापेक्षा कितीतरी चिवट. नायट्रेट ५ ते १० राहू द्या. आठवड्याला दहा टक्के पाणीबदल केला तर मऊ कोरलना केएच ८-९ वर धरायला वेगळं काही लागत नाही.

नवा मासा सहा आठवड्यांनी, आणि तोही थेट नाही. रिकाम्या झालेल्या टबात स्पंज फिल्टर, हीटर आणि पाइपचा तुकडा टाकून चार आठवडे वेगळा ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की सगळे मासे काढून टँक ७६ दिवस बिनमाशांचा ठेवावा लागतो, आणि तेव्हा रॉक हलवल्याशिवाय एकही मासा हाती लागत नाही.